सैतानाची किंकाळी, कांगारूची थाप

पोटाला पिशवी असलेल्या मुलखावेगळ्या जनावरांची बोली, त्यांचा संसार आणि मेंढपाळांशी जडलेले त्यांचे नाते

दिवस मावळताना चरून परतणारी गाय वेशीपाशी आली की हंबरते आणि गोठ्यात दाव्याला बांधलेले वासरू आतून ओ देते. गायीचे कुठले हंबरणे भुकेचे, कुठले माजाचे आणि कुठले दुखण्याचे, हे शेतकऱ्याच्या घरातली पोरेसोरेसुद्धा न बघता सांगतात. जनावराला बोली नसते असे म्हणणाऱ्याने जनावर कधी पाळलेलेच नसावे.

पण आपल्या गोठ्याबाहेर, आपल्या मुलखाबाहेर जी जनावरे आहेत, त्यांच्या बोलीचे काय? आज वाचकांना अशाच एका वेगळ्या कुळाची ओळख करून द्यायची आहे. या कुळातल्या माद्यांच्या पोटाला बहुधा कातडीची पिशवी असते आणि पिल्लू त्या पिशवीत वाढते. मराठीत या पिशवीला शिशुधानी म्हणतात. शास्त्रज्ञ या कुळाला मार्सुपियल म्हणतात. कांगारू हे त्यातले सर्वांच्या ओळखीचे नाव. जगात या कुळाच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि न्यू गिनी या मुलखात राहतात, तर शंभरावर जाती अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आहेत. आपल्या देशातल्या रानात यांपैकी एकही नाही.

ही जनावरे मुकी आणि मंद, असा समज पुष्कळ काळ होता. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अभ्यासकांनी रात्र-रात्र रानात बसून, ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावून जे टिपले, त्याने हा समज पार खोटा ठरवला.

पिशवीतले बाळ आणि बाहेरचे बाळ

तांबड्या कांगारूची मादी जेमतेम ३३ दिवस गाभण असते. जन्मणारे पिल्लू एका ग्रॅमहून हलके, शेंगदाण्याएवढे असते. त्याला डोळे नाहीत, अंगावर लव नाही, मागचे पाय तर नुसते कोंब. पण पुढच्या इवल्या पायांनी आईच्या पोटावरचे केस धरत धरत ते थोड्याच मिनिटांत पिशवी गाठते आणि आत एका सडाला तोंड लावते. सडाचे टोक त्याच्या तोंडात फुगते, त्यामुळे ते सहजी सुटत नाही. पुढचे कित्येक महिने त्याचे घर तेच.

सुमारे आठ महिन्यांचे झाले की पिल्लू पिशवी कायमची सोडते, पण दूध सोडत नाही. वर्षाचे होईपर्यंत ते बाहेरून डोके आत घालून पीत राहते. तोवर पिशवीत नवे पिल्लू आलेले असते. मग एकाच आईचा एक सड मोठ्याला घट्ट, स्निग्धांश जास्त असलेले दूध देतो आणि शेजारचा सड नवजात पिल्लाला पातळ, वेगळ्या घडणीचे दूध देतो. एकाच वेळी, एकाच कासेतून दोन प्रकारचे दूध! आपल्या कुठल्याही गायी-म्हशीला हे जमणारे नाही.

आई आणि पिल्लू यांच्या बोलीची गरज इथूनच सुरू होते. पिल्लू पिशवीबाहेर उड्या मारायला लागले की ते भरकटते. आई मग जिभेने चक् चक् केल्यासारखा हलका आवाज काढते. तो आवाज लांबवर जात नाही आणि जाऊही नये, कारण पिल्लाच्या मागावर असलेल्या डिंगो कुत्र्यालाही कान असतात. पिल्लू हरवले तर मात्र ते मोठ्याने ओरडते आणि आई त्याच्याकडे धावते. जवळ आल्यावर ती त्याला हुंगून बघते. वास आपल्या पिल्लाचा असेल तरच त्याला पिशवीत किंवा सडाशी जागा मिळते. परके पिल्लू तोंड घालू लागले तर ती ढकलून देते. शेळीच्या कळपात सांजेला करडे सोडली की आपल्याला हेच दिसते.

कळपातली राखण

करडे कांगारू कळपाने चरतात. पण हा कळप आपल्या गुरांच्या खिल्लारासारखा पक्का बांधलेला नसतो. आज दहा जण एकत्र दिसतात, उद्या त्यांतले चार दुसऱ्या टोळीत असतात. नात्यातल्या माद्या मात्र बहुधा एकमेकींच्या आसपास राहतात. असे एकत्र चरण्यात मोठा फायदा आहे. एकट्याने चरणाऱ्या कांगारूला दर थोड्या वेळाने मान वर करून चौफेर बघावे लागते. दहा जण असले की दहांचे डोळे आणि वीस कान राखण करतात, त्यामुळे प्रत्येकाला चरायला जास्त वेळ मिळतो.

धोका दिसला तर कांगारू तोंडाने फारसा ओरडत नाही. तो मागचा लांब पाय जमिनीवर जोराने आपटतो. ढप्प असा आवाज होतो आणि आसपासचे सगळे मान वर करतात किंवा उड्या घेत पसार होतात. ही थाप सोबत्यांना सावध करण्यासाठी असते की दबा धरलेल्या शत्रूला ‘तू दिसलास, आता तुझी मेहनत फुकट’ असे सांगण्यासाठी असते, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. दोन्ही कामे एकाच थापेत होत असली तरी नवल नाही. गावातला जागल्या रात्री काठी आपटतो, तीही घरमालकासाठी असते आणि चोरासाठीही.

नर मोठे झाले की माद्यांसाठी त्यांच्या झुंजी लागतात. शेपटीवर भार देऊन उभे राहायचे, पुढच्या पायांनी एकमेकांना कवळायचे आणि मागच्या दोन्ही पायांनी पोटावर लाथ हाणायची, असा तो प्रकार. पण दरवेळी झुंज होत नाही. मोठा नर समोर आला की लहान नर मान खाली घालून खोकल्यासारखा आवाज काढतो आणि बाजूला होतो. त्या खोकल्याचा अर्थ ‘मी भांडायला आलेलो नाही’ असा. दोन बैलांनी शिंगाला शिंग लावून एकमेकांचा अंदाज घ्यावा आणि एकाने आपणहून मागे सरावे, तसेच हे. भांडण टाळणारी बोली नसती तर निम्मे नर जखमांनीच मेले असते.

कांगारू माणसाशीही बोलू पाहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांजवळ राहणाऱ्या ११ कांगारूंपुढे खाऊ ठेवलेला एक डबा ठेवला. डबा मुद्दाम उघडणार नाही असा बंद केलेला होता. खटपट करून दमल्यावर ११ पैकी १० कांगारूंनी जवळ उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघितले. बहुतेकांनी तर एकदा माणसाकडे आणि एकदा डब्याकडे अशी नजर फिरवली. कुत्रा बंद दाराशी जाऊन मालकाकडे बघतो, तसेच. हे वागणे फक्त पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या जनावरांतच असते असे तोवर समजले जाई. कांगारू तर कधी पाळीव झालेला नाही.

नीलगिरीवरचा खर्जातला गवई

नीलगिरीचे झाड आता आपल्या बांधावरही ओळखीचे झाले आहे. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथे त्याच्या पाल्यावर कोआला नावाचे जनावर जगते. गुबगुबीत अंग, मोठे कान आणि काळे नाक असल्यामुळे लोक त्याला अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी त्याचे काही नाते नाही. तेही पिशवीवालेच.

नीलगिरीचा पाला कडू, तेलकट, विषारी आणि कमी कसाचा. तो पचवायला वेळ लागतो, म्हणून कोआला दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतो. पिल्लाच्या पोटात हा पाला पचवणारे सूक्ष्मजंतू जन्मतः नसतात. मग पिल्लू पाला खाण्याच्या वयाचे झाले की आई आपल्या आतड्यातून खास मऊसर लगदा बाहेर टाकते आणि पिल्लू तो खाते. ऐकायला किळसवाणे वाटेल. पण रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट जंतूंवाचून चालत नाही हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला त्यातले शहाणपण लगेच कळेल. विरजणाशिवाय दही लागत नाही.

कोआला एकलकोंडा. प्रत्येकाची झाडे ठरलेली. एकमेकांची गाठ क्वचित पडते, म्हणून त्यांची बोली लांब पल्ल्याची आहे. विणीच्या हंगामात रात्री नर डुरकतो. आधी श्वास आत घेताना घोरल्यासारखा आवाज, मग सोडताना ढेकर दिल्यासारखा, असे एकामागून एक. न बघता ऐकले तर झाडावर रेडा चढून बसला आहे असे वाटावे!

चार ते पंधरा किलोच्या जनावराचा आवाज इतका खर्जात कसा? या आकाराच्या प्राण्याचा असायला हवा त्यापेक्षा कोआलाचा आवाज सुमारे वीसपट खालच्या पट्टीत आहे, जवळजवळ हत्तीच्या पट्टीत. हे कोडे २०१३ साली बेंजामिन चार्लटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. कोआलाच्या नेहमीच्या स्वरयंत्राखेरीज, नाकाची वाट आणि घसा जिथे मिळतात तिथे, मांसल पडद्यांची आणखी एक मोठी जोडी त्यांना सापडली. श्वास आत ओढताना ती थरथरते आणि खर्ज उमटतो.

या डुरकण्यात नराचे माप असते. मोठ्या अंगाच्या नराचा आवाज आणि लहान अंगाच्या नराचा आवाज यात फरक असतो आणि तो ऐकणाऱ्याला कळतो. दुसरे नर त्यावरून ठरवतात की या झाडाकडे जायचे की वाट बदलायची. माद्या त्यावरून ठरवतात की कोणाकडे जायचे. नको असलेला नर अंगाशी आला तर मादी कर्कश किंचाळते, ओरबाडते, चावते. अंधारात, झाडावरून न उतरता, आवाजावरच सोयरिकी ठरतात.

टास्मानियाचा सैतान

आता या कुळातल्या सर्वांत बदनाम जनावराकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. मेंढ्या, लोकर आणि सफरचंद यांसाठी ते प्रसिद्ध. १८०३ साली इंग्रज तिथे वसाहत करायला उतरले. रात्री भोवतालच्या झाडीतून त्यांना अशा घोगऱ्या आरोळ्या आणि किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या की त्यांचा थरकाप उडाला. शोध घेतला तर कुत्र्याएवढे काळे जनावर दिसले. छातीवर पांढरा पट्टा, चवताळले की लाल होणारे कान आणि हाड फोडणारा जबडा. त्यांनी त्याचे नाव सैतान ठेवले, ते आजतागायत कायम आहे. त्याचा खरा दोष एवढाच की तो मोठ्याने जेवतो.

हा सैतान शिकारही करतो, पण त्याचे मुख्य अन्न म्हणजे मेलेली जनावरे. तो एकटा हिंडतो. मात्र एखादे मोठे मढे सापडले की वासावर आणि आवाजावर चार-सहा, कधी दहा-बारा सैतान जमतात. मग जो गोंधळ सुरू होतो तो दूरवर ऐकू जातो.

डेव्हिड पेंबर्टन या अभ्यासकाने अशा पंगती रानात बसून पाहिल्या आणि सहकाऱ्यासह १९९३ साली त्यांचा तपशील प्रसिद्ध केला. त्या गोंधळात व्यवस्था आहे असे त्यांना आढळले. सैतान एकमेकांशी बोलताना ११ प्रकारचे आवाज आणि अंगाच्या २० प्रकारच्या ठेवणी वापरतात. घुरघुरणे, भुंकणे, किंचाळणे हे चढत्या पायरीने येते. तीव्र शिंक म्हणजे आव्हान. जबडा ताणून दिलेली ती भयंकर जांभई, जी छायाचित्रांत आपल्याला क्रूरपणाची खूण वाटते, ती पुष्कळदा भीतीची आणि गोंधळल्याची खूण असते. बहुतेक तंटे आवाजावर आणि पवित्र्यावरच मिटतात. जास्त भुकेला असतो तो जास्त जोराने हक्क सांगतो, आणि पोट भरलेला असतो तो फारसे न भांडता जागा सोडतो. ओरडून ओरडून वाटण्या करणारी ही भाऊबंदकी कोर्टापर्यंत जात नाही, एवढे तिच्याविषयी म्हणता येईल.

आवाजाखेरीज वासाची बोली आहेच. सैतानांच्या विष्ठा टाकण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि आसपासचे सगळे तिथेच येतात. कोण आले, कोण गेले, कोणती मादी माजावर आहे, ही सारी खबर तिथे हुंगून मिळते. गावच्या पारासारखीच ती जागा म्हणायची.

मादी तीन आठवडे गाभण राहून एका वेळी वीस-तीस पिल्ले घालते. तांदळाच्या दाण्याएवढी ती पिल्ले पिशवीकडे धाव घेतात. पण पिशवीत सड फक्त चार. पहिली चार चिकटतात, बाकीची मरतात. सैतानाच्या आयुष्यातली ओढाताण अशी जन्मापासूनच सुरू होते.

मेंढपाळ आणि सैतान

वसाहतीतल्या मेंढपाळांनी सैतानाला मेंढ्यांचा वैरी ठरवले. सकाळी मेलेल्या मेंढीवर सैतान दिसला की ती त्यानेच मारली असे समजायचे. ती रात्री थंडीने मेली, रोगाने मेली की मोकाट कुत्र्यांनी फाडली, याची चौकशी कोण करतो? १८३० साली मेंढ्या पाळणाऱ्या व्हॅन डिमेन्स लँड कंपनीने सैतान मारण्यासाठी बक्षिसे लावली. विष आणि सापळे लावून शंभराहून अधिक वर्षे त्यांची कत्तल चालू राहिली. १९४१ साली कायद्याने त्यांना संरक्षण दिले, तेव्हा कुठे ते थांबले.

खरा हिशेब वेगळा आहे. आजारी कोकरू किंवा अडलेली मेंढी सैतान धरतो, हे खोटे नाही. पण तो मढे हाडा-कातड्यासकट साफ करतो. मढे उरले नाही की त्यावर माशा अंडी घालत नाहीत. मेंढीच्या लोकरीत माशीने अंडी घालून अळ्या पडल्या की काय हाल होतात, ते मेंढरे राखणाऱ्याला सांगायला नको. टास्मानियाच्या ज्या भागांत पुढे सैतान कमी झाले, तिथे मढी कितीतरी जास्त दिवस पडून राहू लागली असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपल्याकडे गिधाडे गेली तेव्हा गावोगावच्या ढोरफोडीच्या जागी काय झाले, ते जुन्या माणसांनी पाहिले आहे. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडे मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. फुकटात सफाई करणारा गेला की त्याची किंमत कळते.

ज्याचा आवाज कोणी राखला नाही

सैतान निदान वाचला. त्याच बेटावरचे दुसरे पिशवीवाले जनावर वाचले नाही. त्याचे नाव थायलासिन, लोकांच्या तोंडी टास्मानियाचा वाघ. कुत्र्यासारखे अंग, पाठीवर काळे पट्टे. मेंढ्या मारतो म्हणून सरकारने १८८८ ते १९०९ या काळात मोठ्या थायलासिनमागे एक पौंड बक्षीस दिले. एकूण २,१८४ बक्षिसे वाटल्याची नोंद आहे. पुढे ते जनावर दिसेनासे झाले. १९३६ च्या जुलैत त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि दोन महिन्यांच्या आत, ७ सप्टेंबर १९३६ रोजी, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातले शेवटचे थायलासिन मेले. २०११ साली अभ्यासकांनी त्याच्या कवटीवरून जबड्याचे बळ मोजले, तेव्हा मोठी मेंढी मारण्याजोगा तो जबडा नव्हता असे दिसून आले.

त्याची थोडी चलच्चित्रे आहेत, पण ती मूक आहेत. त्याच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. शिकारीला निघताना ते कुत्र्यासारखे पण खोकल्यागत तुटक भुंकत असे, असे जुन्या शिकाऱ्यांनी सांगितले आहे. आई पिल्लाला कशी हाक मारी, नर नराला काय म्हणे, हे आता कोणालाही कळणार नाही.

चाव्यातून पसरलेला रोग

सैतानावर मात्र १९९६ साली नवे संकट आले. ईशान्य टास्मानियात काही सैतानांच्या तोंडावर मोठमोठ्या गाठी दिसल्या. तो कर्करोग होता, आणि तोही संसर्गाने पसरणारा. एरवी कर्करोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे आपण जाणतो. इथे मात्र रोगी सैतानाच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात. कुठल्या तरी एका मादीच्या अंगात सुरू झालेली ती गाठ, ती मादी मेल्यावरही एकातून दुसऱ्यात जात राहिली. गाठ वाढली की खाता येत नाही आणि बहुतेक जनावरे वर्षाच्या आत मरतात. कित्येक भागांत दहातले आठ सैतान गेले. २०१४ साली बेटाच्या दक्षिण भागात याच तऱ्हेचा, पण वेगळा, दुसरा कर्करोग सापडला.

हा रोग पसरतो तो चाव्यातून. म्हणजे सैतानाच्या समाजजीवनातूनच. नारावंटापू राष्ट्रीय उद्यानात सैतानांच्या गळ्यात बारीक यंत्रे बांधून कोण कोणाला भेटतो हे मोजले, तेव्हा एकलकोंडे समजले गेलेले हे सगळे एकाच जाळ्यात गुंफलेले निघाले. सर्वांत जास्त चावे विणीच्या हंगामात नर-मादीत होतात. नवल पुढेच आहे. ज्याला जास्त चावे बसतात त्याला रोग जास्त, असे आपल्याला वाटेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. ज्यांच्या अंगावर चावे कमी, त्यांनाच रोग जास्त होता. कारण ते चावणारे होते. दुसऱ्याच्या तोंडावरच्या गाठीत दात रोवायचे आणि रोग आपल्या तोंडात घ्यायचा, असे घडत होते. दांडगा असतो तोच आधी मरतो. ओरडून तंटा मिटवणारा वाचण्याची शक्यता जास्त.

निसर्ग आपल्या परीने मार्ग काढतो आहे. रोगग्रस्त भागांत माद्या दोन वर्षांऐवजी पहिल्याच वर्षी पिल्ले घालू लागल्या. रोगाशी संबंधित काही आनुवंशिक बदल अवघ्या चार-सहा पिढ्यांत झाल्याचे २०१६ साली दिसून आले. माणसेही स्वस्थ बसलेली नाहीत. निरोगी सैतान वेगळे ठेवून त्यांची पैदास केली जाते, लसीचे काम चालू आहे. २०१२ साली मारिया नावाच्या बेटावर निरोगी सैतान सोडले. ते तिथे चांगले वाढले, पण त्यांनी तिथल्या छोट्या पेंग्विन पक्ष्यांची वसाहत पार संपवली. एक वाचवताना दुसरे गमावले. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, न्यू साउथ वेल्समधल्या बॅरिंग्टन टॉप्स इथल्या कुंपणबंद रानात सैतान सोडले. मुख्य भूमीवरून ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. पुढच्या वर्षी तिथे पिल्ले जन्मली.

आणि ज्या टास्मानियात १८३० साली सैतानाच्या मुंडक्यावर बक्षीस होते, त्याच टास्मानियाने २०१५ साली त्याला राज्याचा अधिकृत प्राणी केले. ज्या मेंढपाळांचे आजे-पणजे त्याच्यासाठी सापळे लावत, त्यांच्यातले कितीतरी जण आता आपल्या रानात सैतान आहे हे समाधानाने सांगतात.

वाचकहो, इतक्या दूरच्या जनावरांची ही कथा सांगण्याचे कारण एवढेच. रात्री रानातून आलेला आवाज भेसूर वाटला म्हणून तो आवाज करणारा आपला वैरी ठरत नाही. मेलेल्या शेळीवर बसलेला तो शेळी मारणाराच असतो असेही नाही. आपल्या रानातही कोल्हा आहे, तरस आहे, घुबड आहे, आणि त्यांच्याविषयी आपल्या घरात काय काय बोलले जाते ते आपण जाणतो. काठी उचलण्याआधी मेलेल्या जनावराच्या गळ्यावरची खूण नीट बघावी, आसपासच्या मातीतले ठसे बघावेत, आणि मग ठरवावे. टास्मानियातल्या मेंढपाळांनी थायलासिनच्या बाबतीत एवढे केले असते, तर त्याचा आवाज आज त्यांच्या नातवंडांनी ऐकला असता.